उरलेली आच

धुळ्यात मार्च संपता संपता नळाला बावीस अंशांचं पाणी येतं, असं आमच्या बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या अख्ख्या बॅचने एकाच दिवशी जर्नलमध्ये लिहून दिलं होतं. त्यात मीही होते.

केमिस्ट्रीच्या देवरे मॅडमनी जर्नलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. वरची पाच-सहा उघडून पाहिली, मग मधली दोन, मग सगळ्यात खालचं एक. चष्मा काढून आमच्याकडे बघितलं.

"बावीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं बावीस. भूषण, तुझ्या घरी कोणत्या नळाला येतं रे हे पाणी? मला एक बादली आणून दे. आमच्याकडे नरडाण्याला माठातलंसुद्धा एवढं गार नसतं."

वर्ग हसला. भूषण उठून म्हणाला, "मॅडम, सिनियरच्या जर्नलमध्ये बावीसच आहे."

"त्याच्या सिनियरच्याही होतं. आणि ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याने बहुतेक जानेवारीत प्रयोग केला होता. त्याचं खरं असेल. तुमचं कसं काय खरं?"

 मॅडमनी टाकीच्या नळाखाली बीकर धरला, थर्मामीटर बुडवला आणि वाकून पाऱ्याच्या पातळीला डोळा आणला. रीडिंग घेताना त्या श्वास रोखून धरत. वर्गातल्या पंख्याखाली बसलेले आम्हीही का कोण जाणे, श्वास रोखून बसलो.

"तेहतीस पूर्णांक पाच," त्या म्हणाल्या. "जर्नलं घेऊन जा. प्रयोग परत."

माझी आणि त्यांची ओळख अशी झाली. खरं तर ओळख म्हणायला नको, कारण मी त्यांच्याशी बोललेच नव्हते. वडिलांची जळगावहून बदली झाली म्हणून मी धुळ्याला आले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत चारचौघांत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून बघायची सवय, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बघत बसायचे. देवरे मॅडम बघण्यासारख्या होत्या.

किरकोळ अंगाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. सुती साडीवर पांढरा ॲप्रन, त्याच्या डाव्या खिशाला ॲसिडने पडलेलं भोक. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हातात चिमटा धरलेला असतानाही सेकंद काटा दिसावा. नरडाण्याजवळच्या गावाहून रोज यष्टीने यायच्या. शिंदखेडा तालुक्यातलं सासर, एम.एस्सी. लग्नानंतर केलेलं. वर्गात नीट पुस्तकी मराठी बोलायच्या, पण लॅबचे परिचर लोटननाना समोर आले की दोघांचं अहिराणीत सुरू व्हायचं, आणि मॅडमचा आवाज अर्ध्या पट्टीने वर जायचा.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. याचा अर्थ मला नंतर कळला. दर जूनमध्ये कॉलेजची जाहिरात निघायची, मॅडम नव्याने अर्ज करायच्या, फाईल घेऊन बाकावर बसायच्या आणि समोरची माणसं त्यांना पहिल्यांदाच भेटल्यासारखी विचारायची, तुमचा विषय कोणता? अकरा वर्षं हे चाललेलं. अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं धुळ्यात कुठेही भेटत. आणि तरी मे महिना आला की पुढच्या वर्षी ही लॅब आपली असेल की नाही, हे त्यांना माहीत नसायचं.

प्रयोग असा होता. चार दिवे, चारांत चार वेगवेगळी अल्कोहोलं. मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल. दिव्याचं वजन करायचं, तो तिवईखाली ठेवून पेटवायचा, वरच्या तांब्याच्या भांड्यातलं शंभर मिली पाणी वीस अंशांनी तापलं की विझवायचा आणि पुन्हा वजन करायचं. जितकं वजन कमी झालं तितकं अल्कोहोल जळलं. पाणी किती तापलं यावरून उष्णता किती मिळाली ते काढायचं. एक ग्रॅम इथेनॉल जाळलं की तीसच्या आसपास किलोज्यूल मिळतात असं पुस्तक सांगतं. आमचे आले चौदा.

म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या लोक उलटं गणित करत. पुस्तकातला आकडा घ्यायचा, त्यातून थोडं वजा करायचं, मागे मागे जात वजन आणि तापमान तयार करायचं. सुरुवातीचं तापमान मात्र सिनियरकडून जसंच्या तसं.

"चौदा आले तर चौदा लिहा," मॅडम म्हणाल्या. "पण मग मला सांगा, उरलेली आच कुठे गेली?"

हा त्यांचा प्रश्न. त्या 'उष्णता' फळ्यावर लिहायच्या आणि बोलताना आच म्हणायच्या. जर्नल तपासताना चूक किंवा बरोबरची खूण करायच्याच नाहीत. आकड्यासमोर लाल पेनाने तीन शब्द लिहायच्या, 'उरलेली कुठे गेली?' आणि जर्नल परत.

आम्ही एकमेकांच्या जर्नलात डोकावलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "भरीत कुणाकडे होतं?"

सगळ्यांकडे. खानदेशात हा काय प्रश्न झाला!

"कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजताना बघितलंय ना? काड्या किती लागतात? ढीगभर. वांगी किती? चार. सगळी आच वांग्यांनाच लागते का?"

"नाही मॅडम," हर्षाली म्हणाली. ती माझी प्रयोगातली जोडीदार, माझ्या वाटचंही तीच बोलायची. "निम्मी तर भाजणाऱ्यालाच लागते."

"आणि धूर?"

"तो शेजारच्या काकूंना!"

"झालं की मग. तुझी आच काकूंपर्यंत पोचली, आणि जर्नलात मात्र सगळी आच वांग्यालाच लागली?"

त्या दिवशी त्यांनी आम्हाला आच शोधायला लावली. म्हणजे अक्षरशः. दिवा पेटवून आम्ही भांड्याभोवती तळहात फिरवत होतो, जणू एखाद्या तापलेल्या मुलाचं अंग बघतोय. तिवईचे पाय गरम. भांड्याची बाजू गरम. वरची हवा इतकी गरम की हात मागे घ्यावा लागला. ब्युटेनॉलने भांड्याचं बूड काळं केलं, ती काजळी म्हणजे पूर्ण न जळलेलं अल्कोहोल. मॅडमनी ती कापसाने पुसून घेतली आणि त्या कापसाचं वजन करायला लावलं. भूषण पुटपुटला, "आता घामाचं पण वजन करायला लावतील." मॅडमनी ऐकलं. "करायला हवं," त्या म्हणाल्या, "पण काटा तेवढा मोठा नाही."

त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. मिथेनॉलची ज्योत दिवसा उजेडात जवळजवळ दिसत नाही. खिडकीशी ऊन होतं, हर्षालीला वाटलं दिवा विझला, आणि ती ओढणी सावरत वातीवर वाकली. मॅडम चार टेबलं पलीकडे होत्या. तिथून त्या ओरडल्या, पुस्तकी मराठी विसरून.

"हात काढ व माय! आग शे तठे!"

हर्षाली दगडासारखी थांबली. मॅडम धावत आल्या, तिची ओढणी मागे ओढली, आणि खिशातल्या पुडीतून चिमूटभर मीठ काढून वातीवर टाकलं. हवेत एकदम पिवळी ज्योत उभी राहिली, वीतभर उंच. सगळे मागे सरले. हर्षाली रडायलाच लागली.

 मॅडमनी हात ॲप्रनच्या भोक पडलेल्या खिशात घातला. "रडू नको," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी मीठ आधीच टाकायला पाहिजे होतं." आणि पुढच्या तासापासून मिथेनॉलच्या प्रत्येक दिव्याशेजारी मिठाची पुडी असायची.

चूक माझी, हे शब्द मी कॉलेजात दुसऱ्या कुणा शिक्षकाच्या तोंडून ऐकले नव्हते. मॅडमना ते म्हणायला काही वाटत नसे. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या दिशेने त्यांच्या स्वतःच्या चुका लिहिलेल्या होत्या, तारखेसकट.

सगळ्यात मोठी त्यांनी आमच्या वर्षी लिहिली.

चारही दिव्यांत मिथेनॉलचं उत्तर सगळ्यात वाईट यायचं. पुस्तकाच्या निम्म्यापेक्षाही खाली. मॅडम अकरा वर्षं त्याचं कारण सांगत आल्या होत्या, पंखा आणि कूलर. वाऱ्याने ज्योत हलते, आच उडून जाते. म्हणून त्यांनी कूलर बंद करायला लावला. आम्ही घामाने निथळत प्रयोग केला. मिथेनॉल तरीही तळालाच.

दिव्यांची टोपणं फार पूर्वी हरवलेली. दिवा फुंकून विझवायचा आणि गार झाल्यावरच काट्यावर ठेवायचा, हा मॅडमचा नियम. एका दिवशी मी मिथेनॉलचा दिवा काट्यावर ठेवून बसले होते आणि हर्षाली माचिस शोधायला गेली होती. तिला यायला वेळ लागला. मी काट्याकडे बघत राहिले, मला दुसरं काही करायचंच नव्हतं. शेवटचा आकडा एकने उतरला. थोड्या वेळाने पुन्हा एकने. दिवा पेटलेलाच नव्हता.

हे मोठ्याने सांगणं मला जमलं नसतं. मी जर्नलच्या मागच्या बाजूला पेन्सिलने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या की न पेटवताच दिव्याचं वजन कमी होतं आहे, आणि जर्नल गठ्ठ्याच्या मधे सरकवून दिलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला आम्ही आत आलो तर टेबलावर चार दिवे ओळीने मांडलेले होते, विझलेले. प्रत्येकासमोर कागदावर वजन. मॅडम म्हणाल्या, "आज काही पेटवायचं नाही. बसा." पंधरा मिनिटं आम्ही बसलो. मग त्यांनी एकेक दिवा पुन्हा काट्यावर ठेवला. ब्युटेनॉल जवळजवळ तेवढंच. इथेनॉल थोडं कमी. मिथेनॉल चांगलंच कमी.

"आपण दिवा गार व्हायची वाट बघतो," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि तेवढ्यात ह्या उन्हाळ्यात मिथेनॉल वातीवरून उडून जातं. आपल्याला वाटतं जळलं. जळलेलं नसतंच. आणि गार होऊ द्या हे सांगणारी कोण? मी. अकरा वर्षं मी पोरांना चुकीचं कारण सांगितलं."

त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून तिथेच लिहिलं. मग म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात आलेलं नाही. ज्याच्या लक्षात आलं त्याला माहीत आहे." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून स्टीलच्या चार चिमुकल्या वाट्या काढल्या. घरच्या मसाल्याच्या डब्यातल्या. दिव्यावर उपडी वाटी टाकली की दिवा विझे आणि वात झाकलीही जाई. लॅबमध्ये दोन दिवस हळदीचा वास येत होता.

"ताई, तुमनी सासू काय म्हनी?" लोटननानांनी विचारलं.

"तिले सांगं, वाट्या कॉलेजात शिकाले गयात."

एवढ्यावर थांबतील तर त्या मॅडम कसल्या! त्याच आठवड्यात मी आमच्या कॉलनीतल्या मेडिकलमध्ये उभी होते. मॅडम यष्टी स्टँडकडे जाताना रस्ता ओलांडून थेट दुकानात शिरल्या. काउंटरवरचा दादा त्यांचा जुना विद्यार्थी. तो घाईने उठला.

"बस, बस. तुला मिथेनॉलचं कारण मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

"मॅडम... मला पास होऊन नऊ वर्षं झाली."

"झाली असतील. ते कारण चुकीचं होतं. वातीवरून उडून जातं ते. दुरुस्त करून घे."

दादा आधी हसणार होता. मग त्यांचा चेहरा बघून त्याने खरंच काउंटरवरचं पेन उचललं आणि बिलाच्या पॅडमागे काहीतरी लिहिलं. मॅडम समाधानाने निघून गेल्या. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या मॅडम आहेत." मला म्हणावंसं वाटलं, आमच्याही. पण मी नुसतं गोळ्यांचं पाकीट घेतलं.

मग परीक्षेची तारीख लागली.

त्या दिवशी तास संपल्यावर मी तिवया परत ठेवायला सामानाच्या खोलीत गेले होते. बाहेरच्या खोलीत विभागप्रमुख सर मॅडमशी बोलत होते. मी बाहेर पडायला हवं होतं, पण बाहेर पडायचं म्हणजे दोघांच्या मधून जायचं. मी तिथेच उभी राहिले.

"मॅडम, मी जर्नलं बघितली. सगळ्यांची व्हॅल्यू निम्मी आहे."

"हो सर. तेवढीच आली."

"अहो, एक्स्टर्नल बाहेरून येणार आहेत. कडक माणूस आहे. वीस टक्के फरक चालतो, पन्नास कुठे चालतो? बॅचला मार्क पडले नाहीत तर जूनमध्ये तुमचं नाव मी कोणत्या तोंडाने पुढे करू? मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. पोरांना सांगा, थोडं नीट करून लिहा."

सर वाईट नव्हते. त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती, म्हणूनच ते ऐकायला जास्त अवघड गेलं.

जर्नलांचा गठ्ठा सरकवल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "सर, जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, हे काम विद्यार्थ्याने माझ्यासमोर केलं. त्याखाली माझी सही असते."

"ते छापील असतं हो."

"छापील आहे म्हणून तर वाचता येतं, सर."

सरांनी सुस्कारा टाकला. "आणि समजा, तो माणूस आकडा बघून पान उलटून मोकळा झाला तर? तुमचं कारण वाचत बसेल का?"

"वाचावंच लागेल असं लिहून घेते."

सर गेले. मॅडम टेबलाला हात टेकून उभ्या होत्या. मला वाटलं त्या खुर्चीवर बसतील. त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "नाना! सकाळले सात वाजता लॅब उघडशात का? आठवडाभर?"

"मी उघडसू, ताई. पन तुमी येशात कशा? पह्यली यष्टी त्याना मांगे येस."

"दूधनी गाडीमा."

आणि खरंच त्या दुधाच्या गाडीतून आल्या. सातला, ऊन चढायच्या आधी, कूलर न लावता, मसाल्याच्या वाट्या झाकून आम्ही सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. पहिल्या दिवशी निम्मी बॅच आली. भूषण जांभया देत म्हणाला, "मॅडम, पुस्तकातली व्हॅल्यू लिहिली असती तर आत्ता मी झोपेत असतो." मॅडम म्हणाल्या, "लिही. कोणी अडवलंय? फक्त मी जे बघितलं नाही त्यावर माझी सही मागू नको." सरांचं बोलणं त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मी हर्षालीला सांगितलं. माझ्या आठवणीत मी आपण होऊन कुणाला सांगितलेली ती पहिली गोष्ट. हर्षालीने ती सगळ्यांना सांगितली. तिसऱ्या दिवशी अख्खी बॅच सात वाजता दारात होती, भूषण सगळ्यात पुढे.

व्हॅल्यू वाढल्या, पण पुस्तकापर्यंत काही पोचल्या नाहीत. इथेनॉल अठरावर आलं. मिथेनॉलने मात्र पहिल्यांदाच मान वर काढली. चारही आकडे आता चढत्या क्रमाने लागले, जसे पुस्तकात लागतात, फक्त प्रत्येक पायरी खाली. मॅडमनी प्रत्येकाला समोरच्या कोऱ्या पानावर लिहायला लावलं, उरलेली आच कुठे गेली. आपण हाताने, काट्याने, थर्मामीटरने जे तपासलं तेवढंच. भांड्याने किती घेतली, काजळी किती, उडून गेलेलं किती. आणि शेवटी, जिचा पत्ता लागला नाही ती किती. ही शेवटची ओळ लिहायला आम्हाला लाज वाटत होती. मॅडम म्हणाल्या, "तीच सगळ्यात खरी आहे. तिच्याखाली मी सही करते."

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल आले. जळगावकडच्या कुठल्याशा कॉलेजातले, पांढऱ्या केसांचे, घाईत असलेले. त्यांनी बसता बसता पहिलं जर्नल उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं आणि थांबले.

"काय हो, तुमच्याकडे सगळ्यांच्याच व्हॅल्यू पडल्यात?" ते विभागप्रमुखांना म्हणाले. सर कसनुसं हसले. मॅडम दाराशी होत्या. परीक्षेच्या वेळी त्यांना बोलायची मुभा नव्हती.

चौथं जर्नल माझं होतं. त्यांनी नाव पुकारलं. मी पुढे गेले.

"अठरा? पुस्तकात किती आहे माहीत आहे का?"

"तीसच्या आसपास, सर."

"मग?"

मी मनात वाक्य जुळवू लागले. ते जुळेना. मी दाराकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या, एका तिवईचा गंज फडक्याने पुसत होत्या. अकरा वर्षं दर जूनला त्या अशाच अनोळखी माणसांसमोर उभ्या राहत असतील, असं माझ्या मनात आलं.

"समोरच्या पानावर आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी वाचलं. घाईत असलेला माणूस एखाद्या ओळीवर अडकतो ते दिसतं. ते अडकले. "हे उडून जातं म्हणजे काय? किती जाणार आहे उडून?"

मी मिथेनॉलचा दिवा उचलून काट्यावर ठेवला आणि वाटी काढली. बोलायची गरज नव्हती. दुपारचे साडेबारा वाजलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं. आम्ही दोघंही काट्याकडे बघत होतो. शेवटचा आकडा उतरला. परत उतरला. ते पुढे वाकले. मग त्यांनी स्वतःच वाटी उचलून दिव्यावर ठेवली. आकडा थांबला. त्यांनी वाटी काढली. उतरला. एखाद्या मुलाला नवीन खेळणं मिळावं तसं त्यांनी ते चार वेळा केलं.

"आणि ही शेवटची ओळ? पत्ता लागला नाही?"

"नाही लागला, सर."

त्यांनी जर्नल मिटलं नाही. आमच्या सरांना म्हणाले, "ह्या पानाची मला झेरॉक्स द्या. आमच्या पोरांना दाखवतो. कोणी करून घेतलं हे?"

"आमच्या देवरे मॅडमनी," सर म्हणाले. आणि 'आमच्या'वर त्यांनी चांगला जोर दिला.

अख्खी बॅच दाराकडे बघत होती. मॅडम तिवईचा तिसरा पाय पुसत होत्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

मार्क चांगले पडले. पण मार्क आणि नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जूनमध्ये पुन्हा जाहिरात निघालीच. मॅडमना त्या वर्षी परत घेतलं, हे इथेच सांगून टाकते. मला ते जुलैत हर्षालीच्या फोनवरून कळलं. मी ज्या दिवशी त्यांना शेवटचं पाहिलं, त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं.

वडिलांची बदली परत जळगावला झाली होती. मी टी.सी. घ्यायला कॉलेजात गेले, तर नेमका मुलाखतीचा दिवस. प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर उमेदवार ओळीने बसलेले, मांडीवर फायली, काही माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. मॅडम त्यांत नव्हत्या. मी लॅबकडे गेले. सुट्टीतल्या लॅबमध्ये बाकीच्या खिडक्या बंद होत्या, एक उघडी. तिथल्या उजेडात मॅडम नव्या साडीवर तोच ॲप्रन घालून काट्यासमोर वाकल्या होत्या. काट्यावर दिवा. शेजारी वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. त्यांची फाईल स्टुलावर, तिवईखाली दाबून ठेवलेली.

मी घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं. उंबऱ्यावर थांबून ते पुन्हा एकदा मनात म्हणून बघत होते, तेवढ्यात लोटननाना मला ओलांडून धापा टाकत आत शिरले.

"ताई, चाला! तुमनं नाव पुकारी ऱ्हायनात! दोनदा पुकारं!"

मॅडमनी मान वर केली नाही. फक्त डावा तळहात उचलून आमच्या दिशेने धरला. थांबा. नाना जागच्या जागी थांबले. मीही. त्यांनी श्वास रोखला होता, हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळत होतं. वरांड्याच्या टोकाकडून कुणीतरी तिसऱ्यांदा नाव पुकारलं, 'देवरे मॅडम', आणि तो तळहात तसाच हवेत राहिला.

मी दार हळूच लोटून घेतलं, काट्याला वारा लागू नये म्हणून.